सालबाईच्या तहावर नाना फडणिसांनी सात महिने शिक्कामोर्तब का केले नाही?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. पहिले इंग्रज-मराठा युद्ध ज्या तहाने संपले त्या सालबाईच्या तहाविषयी एक शंका कित्येक दिवस मनात घोळते आहे आणि ती जाणकारांपुढे ठेवावी असे वाटले. गेल्या आठवड्यात त्या काळातील तारखा वहीत एकाखाली एक लिहून काढल्या, तेव्हा ती शंका अधिकच ठळक झाली.

महादजी शिंदे आणि इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचा वकील डेव्हिड अँडरसन यांच्यात १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे सतरा कलमांचा तह ठरला. हेस्टिंग्जने जूनच्या पहिल्याच आठवड्यात कलकत्त्याहून त्याला मान्यता दिली. पुणे दरबारची मान्यता मात्र २० डिसेंबर १७८२ रोजी मिळाली आणि मान्य झालेल्या प्रतींची अदलाबदल व्हायला २४ फेब्रुवारी १७८३ उजाडला. मधल्या काळात, ७ डिसेंबरला, चित्तूरजवळच्या छावणीत म्हैसूरच्या हैदरअलीचा मृत्यू झाला होता. म्हणजे हैदर गेला आणि त्यानंतर तेरा दिवसांत, सात महिने अडलेला तह पुण्याने मान्य केला.

हैदर हा पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांचा या युद्धातला सर्वांत मोठा दोस्त होता. १७८० साली पुणेकर, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी इंग्रजांविरुद्ध उभी राहिली, ती मुख्यतः नानांच्या खटपटीमुळे. निजामाने उत्तर सरकारांवर (मद्रासच्या उत्तरेकडील किनारपट्टीच्या मुलुखावर), भोसल्यांनी बंगालवर, हैदराने मद्रासेवर आणि पुणेकरांनी मुंबई व गुजरातच्या बाजूने इंग्रजांवर जावे असा तो बेत होता. असे असताना सालबाईच्या तहात याच हैदराने जिंकलेला कर्नाटकातील (म्हणजे त्या काळच्या मद्रासभोवतीच्या, अर्काटच्या नबाबाच्या प्रांतातील) मुलूख सोडून द्यावा, तो त्याच्याकडून सोडवून देण्याची जबाबदारी पेशव्यांची, असे कलम आले. हैदराला हे कलम मान्य नव्हते, आणि एकट्याने तह करू नये अशी त्याची पुण्याकडून पहिल्यापासून अपेक्षा होती.

माझा प्रश्न असा आहे की, या सात महिन्यांत नाना नेमके काय तोलत होते? शांतता हवी आणि दोस्तही हातचा जाऊ नये अशा पेचात सापडल्यामुळे त्यांचा निर्णय लांबला, की हा विलंब त्यांनी जाणूनबुजून केला? आणि जाणूनबुजून केला असेल, तर तो हैदराच्या भल्यासाठी होता की हैदराच्या जिवावर स्वतःचा सौदा वाढवून घेण्यासाठी? नानांविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर सोयीचे नसले तरी खरे असावे असे वाटते.

मोडीवाचक

आपण तारखा एकाखाली एक लिहिल्या हे फार चांगले केले, कारण या प्रकरणाचे अर्धे उत्तर तारखांतच आहे. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. हा विलंब पूर्णपणे जाणीवपूर्वक होता आणि नानांच्या हातात त्या वेळी त्याहून अधिक परिणामकारक असे दुसरे काहीही उरले नव्हते. हे का, ते समजण्यासाठी सालबाईच्या सव्वा वर्ष मागे, बोरघाटात जावे लागते.

डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली, त्याच सुमारास मराठा सरदार रामचंद्र गणेश दुगाडला ठार झाले, आणि १७८१ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती गॉडर्डने बोरघाट चढून खंडाळ्याला आपली आघाडी बसवली. तो स्वतः घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला होता. पुणे तेथून दोन-तीन मजलांवर. अशा वेळी, तोफा घाटमाथ्यावर आलेल्या असताना, गॉडर्डने नानांकडे तहाचे बोलणे लावले. त्याचा हिशेब उघड होता: शत्रू दाराशी आला की दरबार घाबरतो आणि मिळेल त्या अटी पदरात पाडून घेतो. नानांनी ते बोलणे फेटाळले, आणि फेटाळताना जे कारण पुढे केले ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ज्या तहात हैदराचा समावेश नाही त्या तहाचे बोलणे आम्ही करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. इकडे हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर घाटमाथ्यावर गॉडर्डला रोखून राहिले, आणि परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरून पनवेलकडून येणारी रसद मारू लागले. दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन येणाऱ्या बैलांच्या रांगांवर झाडीतून रोजच्या रोज हल्ले होऊ लागल्यावर घाट चढून मिळवलेली जागा गॉडर्डला जड झाली. एप्रिलमध्ये तो पनवेलकडे मागे फिरला आणि त्या माघारीत त्याची चारशेहून अधिक माणसे जखमी झाली किंवा कामास आली.

या प्रसंगातून नानांनी घेतलेला धडा असा होता की, इंग्रजांना घाई आहे. त्यांची घाई कशामुळे होती? कलकत्त्याची तिजोरी रिकामी होत चालली होती, ऑगस्ट १७८१ मध्ये बनारसला राजा चेतसिंहाचे बंड पेटले, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कर्नाटकात हैदर होता. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रज अधिकारी बेलीची फौज हैदर आणि टिपूने साफ बुडवली, तेव्हापासून मद्रास सरकारचा जीव टांगणीला लागला होता. जुलै १७८१ मध्ये पोर्टो नोव्होला इंग्रज सेनापती कूटने हैदराचा पराभव केला खरा, पण मुलूख हैदराच्या घोडदळाच्या टापांखालीच राहिला. फेब्रुवारी १७८२ मध्ये तंजावरकडे ब्रेथवेटची फौज टिपूच्या हाती लागली, त्याच महिन्यात सफ्रेंचे फ्रेंच आरमार कोरोमंडळ किनाऱ्यावर आले आणि एप्रिलमध्ये कडलूर फ्रेंचांकडे गेले. सालबाईला मे महिन्यात बोलणी चालू होती ती अशा पार्श्वभूमीवर.

तेव्हा नानांच्या बाजूने विचार करा. त्यांना इंग्रजांकडून एक गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे साष्टी. सालबाईच्या तहात वसई परत मिळत होती, पुरंदरच्या तहानंतर (१७७६) इंग्रजांनी घेतलेला गुजरातेतला मुलूख परत मिळत होता, पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांचा इंग्रजी पाठिंबा सुटून त्यांच्यासाठी दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरत होती. पण साष्टी इंग्रजांकडेच राहत होती. साष्टी म्हणजे मुंबईच्या दाराला लागून असलेले बेट, आणि ज्याच्या हाती साष्टी त्याच्या हाती मुंबईची नाडी. ती सोडवण्यासाठी नानांकडे स्वतःची ताजी फौज नव्हती आणि सात वर्षांच्या लढाईने पैसाही संपत आला होता. त्यांच्याकडे होता तो फक्त हैदर. हैदर जोवर लढतो आहे तोवर पुण्याच्या शिक्क्याला किंमत आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

आता त्या कलमाकडे नीट पाहा, कारण वाचताना ते पटकन नजरेतून निसटते. हैदराने घेतलेला मुलूख सोडावा याला सहा महिन्यांची मुदत होती, आणि ती मुदत तह पूर्ण झाल्यापासून मोजायची होती. तह पूर्ण होणार पेशव्यांच्या मान्यतेने. म्हणजे पुण्याचा शिक्का उमटेपर्यंत मुदतीचा पहिला दिवसच उजाडत नव्हता. इंग्रजांना रोज वाटे की तह झाला, आणि पुण्यात रोज त्याच तहाचा कागद फडात (दफ्तरात) तसाच पडून राही. माझ्या मते संपूर्ण युद्धात नानांनी केलेली ही सर्वांत शांत आणि सर्वांत परिणामकारक चाल होती.

हैदराच्या भल्यासाठी की स्वतःच्या सौद्यासाठी, असे आपण विचारले आहे. दोन्ही होते, पण समान प्रमाणात नव्हते. नाना एकाच वेळी हैदराशीही घासाघीस करत होते. कृष्णेच्या दक्षिणेकडचा जो मराठ्यांचा मुलूख हैदराकडे राहू देण्याचे १७८० मध्ये कबूल केले होते, तो त्याने परत केला तर आपण तह मोडून पुन्हा युद्धात उतरू, अशी त्यांची मागणी होती. हैदराने ते मानले नाही. तेव्हा नाना दोन्ही तराजू हातात धरून उभे होते असे म्हणावे लागते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. आठ वर्षांच्या पेशव्याचे राज्य ज्याच्या खांद्यावर आहे, त्याने असेच केले पाहिजे.

उज्जयिनी

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे आणि त्यातील बोरघाटाचा भाग मला पूर्णपणे पटला. पण या सगळ्या मांडणीत महादजी केवळ सालबाईला कागद लिहून घेणारे वकील म्हणून येतात, आणि हे मला मान्य नाही. नानांपुढे तहाच्या बाबतीत राजी नसलेले दोस्त एकाहून अधिक होते, आणि त्यांतला सर्वांत अवघड दोस्त श्रीरंगपट्टणला नसून उज्जैनला होता.

महादजींची बाजू त्यांच्या मुलुखावरून समजून घेतली पाहिजे. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रज अधिकारी पॉपहॅमने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. ज्या किल्ल्याविषयी तो कोणाला घेता येत नाही अशी ख्याती होती, तो एका रात्रीत गेला आणि इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला. त्यानंतर दुसरा इंग्रज अधिकारी कॅमॅक याची फौज थेट सिरोंजपर्यंत आली, म्हणजे महादजींच्या घरातच शिरली. तेथे महादजींनी त्याला कोंडून उपाशी आणला होता, पण मार्च १७८१ मध्ये कॅमॅकने रात्री परत फिरून छावणीवर छापा घातला आणि त्यात महादजींच्या तोफा व हत्ती गेले. पुण्यात बसून साष्टीसाठी आणखी वर्षभर थांबू म्हणणे आणि माळव्यात आपली गावे जळताना पाहणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजींनी इंग्रज कर्नल म्यूरशी करार केला आणि आपण मध्यस्थी करून पेशव्यांशी इंग्रजांचा तह घडवू असे कबूल केले, ते या परिस्थितीत.

याचा परिणाम काय झाला, याकडे लक्ष वेधतो. सालबाईच्या तहात महादजी पेशव्यांचे मुखत्यार म्हणून बोलत होते आणि त्याच तहात ते दोन्ही पक्षांचे जामीनही झाले. तह जो मोडेल त्याच्याविरुद्ध दुसऱ्याला मदत करण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. एका सरदाराने आपल्याच धन्याच्या वागणुकीचा परक्याला जामीन देणे, हा प्रकार मराठी राज्यात नवा होता. शिवाय वडगावला १७७९ मध्ये त्यांनी शरण आलेल्या इंग्रज फौजेला जे सौजन्य दाखवले होते त्याची आठवण ठेवून भडोच शहर इंग्रजांनी पुढे त्यांना देऊन टाकले. नाना हे सर्व पाहत होते. त्यांनी तह अडवून धरला यामागे इंग्रजांवरचा दबाव हे कारण होतेच, परंतु पेशव्यांच्या तहावर शेवटचा शब्द पुण्याचा असतो हे महादजींना आणि अँडरसनला दाखवून देणे, हेही तितकेच मोठे कारण असावे असे मला वाटते.

आणि आणखी एक गोष्ट. सात महिने थांबून नानांना नेमके काय मिळाले? साष्टी परत आली नाही. हैदराकडून मुलूख मिळाला नाही. महादजींनी मे महिन्यात जी कलमे लिहून घेतली होती, तीच कलमे डिसेंबरात जशीच्या तशी मान्य झाली. विलंब परिणामकारक होता असे म्हणताना हा हिशेबही मांडावा लागेल. त्या सात महिन्यांत महादजींची फौज मात्र मोकळी झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी गोहदच्या राण्याकडून ग्वाल्हेर परत घेतले, आणि इंग्रज त्यात आडवे आले नाहीत.

तेरा दिवसांविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. हैदराचा मृत्यू लपवून ठेवला होता. त्याचे शव खजिन्याची पेटी असावी तसे बंद करून गुपचूप कोलारकडे नेले, आणि टिपू मलबारच्या बाजूला होता तो येईपर्यंत छावणीचे सर्व व्यवहार हैदराच्या नावाने चालू ठेवले. अशी बातमी चित्तूरहून पुण्याला पोहोचून, तिची खातरजमा होऊन, दरबारात खल होऊन तेरा दिवसांत शिक्का उमटणे अशक्य नाही, कारण नानांची बातमीदारी फार चांगली होती. तरीही मृत्यू आणि मान्यता यांच्या तारखा लागोपाठच्या आहेत एवढ्यावरून एक दुसऱ्यामुळेच घडले असे ठामपणे म्हणू नये.

कृष्णाकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. महादजींच्या जामीनकीचा मुद्दा माझ्या पूर्ण नजरेआड होता आणि तो वाचल्यावर सालबाईचा तह हा पुणे आणि कलकत्ता यांच्यात झाला असे म्हणताना आता माझा हात अडखळेल. मोडीवाचक यांना एवढेच विचारते की, हैदर लढत राहिला म्हणून पुण्याच्या शिक्क्याला किंमत राहिली, हे खरे असेल तर चौकडीतील बाकीच्या दोघांचे काय? निजाम आणि भोसले यांनी आपापली बाजू सांभाळली असती, तर नानांना एकट्या हैदरावर इतके अवलंबून राहावे लागले असते का?

मोडीवाचक

अगदी योग्य जागी बोट ठेवलेत. नानांचा खरा घात तेथेच झाला.

निजामाचा राग गुंटूरच्या मुलुखावरून होता. मद्रासकरांनी ते परस्पर लाटले होते. हेस्टिंग्जने ते त्याला परत देवविले आणि निजाम चौकडीतून जवळजवळ गप्प बसला. त्याच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

नागपूरची गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. मुधोजी भोसल्यांनी आपला मुलगा चिमणाजी याच्याबरोबर सुमारे ३०,००० फौज बंगालच्या रोखाने १७७९ च्या दसऱ्यानंतर रवाना केली. ही फौज इतकी रेंगाळत गेली की कटकला पोहोचेपर्यंत १७८० चा मे महिना आला. तोवर हेस्टिंग्जशी मुधोजींचा पत्रव्यवहार चालू झाला होता आणि पैशाचे बोलणेही. पुण्याला तोंडदेखली साथ द्यायची आणि कलकत्त्याला दुखवायचे नाही, असा तो दुहेरी व्यवहार होता. १७८१ मध्ये हेस्टिंग्जने त्यांना मोठी रक्कम देऊन ही फौज निष्क्रिय केली, आणि त्याहून वाईट म्हणजे कर्नल पिअर्सच्या हाताखाली बंगालची जी पलटणे मद्रासच्या मदतीला निघाली होती, त्यांना भोसल्यांच्या ओरिसातून वाट मिळाली. म्हणजे जी फौज बंगालवर जायची होती तिच्या डोळ्यांदेखत बंगालची फौज हैदरावर चालून गेली. त्या पलटणी कूटला मिळाल्या तेव्हा हैदराच्या मनात पुणेकरांच्या दोस्तीविषयी काय आले असेल, याची कल्पना करताना मला आजही वाईट वाटते.

भोसले बंगालमध्ये उतरले असते तर हेस्टिंग्जला मद्रासकडे एकही शिपाई पाठवता आला नसता. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर, नाही, इतके अवलंबून राहावे लागले नसते.

उज्जयिनी यांच्या आक्षेपाविषयी: विलंबाने एकही कलम बदलले नाही हे मी मान्य करतो. परंतु ते आपण आज जाणतो. १७८२ च्या पावसाळ्यात मद्रासेत दुष्काळ होता, कूट आजारी पडून बंगालकडे निघून गेला होता, फ्रेंचांची आणखी कुमक येणार असे सगळेच म्हणत होते. त्या परिस्थितीत सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरात बसून कोणाही विचारी माणसाने थांबण्याचाच निर्णय घेतला असता. शिवाय इंग्रजांच्या वतीने नेमके कोण बोलते आहे, हेही नानांना पारखून घ्यावे लागत होते. सप्टेंबर १७८१ मध्ये मद्रासच्या वरिष्ठांनी पेशव्यांना परस्पर पत्र लिहून तहाची तयारी दाखवली होती, गॉडर्डकडून वेगळे बोलणे येत होते, आणि कलकत्त्याने अँडरसनला महादजींकडे पाठवले होते. पुरंदरचा तह कलकत्त्याने केला आणि मुंबईने तो धुडकावला, हा अनुभव जेमतेम सहा वर्षांपूर्वीचा होता. वडगावला मुंबईकरांनी लिहून दिलेला करार कलकत्त्याने नाकारला, तो तर तीनच वर्षांपूर्वीचा. ज्याला दोनदा असा अनुभव आला आहे तो तिसऱ्या वेळी कागदावर शिक्का मारण्यापूर्वी थांबतो, यात दोष देण्यासारखे काही नाही.

तुंगभद्रा

मी या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडू इच्छिते, कारण आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद पुण्याच्या किंवा उज्जैनच्या वाड्यात बसून लिहिल्यासारखे आहेत. एकदा हैदराच्या छावणीतून पाहू.

हैदर युद्धात उतरला तो जुलै १७८० मध्ये. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, तो कर्नाटकात ठाण मांडून होता. वय झालेले, पाठीवरच्या गळवाने अखेरीस जीव घेतला, तरी मुक्काम आघाडीवरच. या काळात पुण्याची आघाडी कशी होती? बोरघाटातून गॉडर्ड मागे फिरला तो एप्रिल १७८१ मध्ये, आणि त्यानंतर कोकणात म्हणण्यासारखी मोठी लढाई झाली नाही. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजी लढाईतून बाहेर पडले. म्हणजे पोर्टो नोव्होच्या पराभवानंतर हैदर जवळजवळ एकटा लढत होता, आणि त्याच्या लढण्याचे मोल पुण्यात मोजले जात होते. फेब्रुवारी १७८१ मध्ये हैदराशिवाय तह नाही असे म्हणणाऱ्या दरबाराने मे १७८२ मध्ये हैदराला न विचारता त्याचा मुलूख सोडवून देण्याचे कबूल केले. कबुली महादजींनी दिली असे म्हणता येईल. पण डिसेंबरात ती नानांनी मान्य केली आणि त्या कलमातला एक शब्दही बदलून घेतला नाही.

मोडीवाचक म्हणतात की दोन्ही तराजू हातात धरण्यात कमीपणा नाही. मला येथे मनापासून मतभेद नोंदवावासा वाटतो. दोस्त लढाईत गुंतलेला असताना त्याच्याकडे, आधीचा शब्द फिरवून, कृष्णेपलीकडचा मुलूख मागणे आणि न दिल्यास त्याच्या शत्रूशी तह करण्याची भीती घालणे, हे मुत्सद्देगिरीच्या नावाखाली सुद्धा मला स्वीकारता येत नाही. हैदर राजी नव्हता असे आपण म्हणतो. तो कशाला राजी व्हायचा होता? आपण जिंकलेले सोडायला, की आपल्याला कबूल केलेले परत करायला? त्याच्या जागी नाना असते तर त्यांनीही दोन्ही नाकारले असते.

तरीही त्या कलमाचा दुसरा भाग येथे कोणी सांगितला नाही, तो सांगणे न्यायाचे होईल. हैदर पुढे इंग्रजांशी आणि त्यांच्या दोस्तांशी लढाई करणार नाही आणि पेशव्यांशी स्नेहाने वागेल तोवर इंग्रजही त्याच्यावर चालून जाणार नाहीत, असे इंग्रजांनी त्याच कलमात कबूल केले होते. म्हणजे हैदराला वाऱ्यावर सोडले असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. त्याला संरक्षण मिळत होते, परंतु ते पेशव्यांचा स्नेही म्हणून, पेशव्यांच्या छायेखाली. ज्याने स्वतःच्या हिमतीवर राज्य उभे केले त्या माणसाला ही छाया मुलूख सोडण्याहूनही अधिक बोचली असेल असे मला वाटते. कदाचित त्याच्या नकाराचे खरे कारण येथेच आहे.

मोडीवाचक

तुंगभद्रा यांनी कलमाचा जो दुसरा भाग दाखवला त्यामुळे मला माझ्या पहिल्या प्रतिसादात दुरुस्ती करावी लागेल. मी नानांचे लक्ष्य साष्टी असे लिहिले. साष्टी होतीच, पण हैदर पेशव्यांचा मांडलिक असल्यासारखे इंग्रजांकडून लिहून घेणे, हेही पुण्याच्या दृष्टीने मोठे यश होते, आणि त्या यशाची किंमत हैदराच्या रागाने मोजावी लागणार हे नानांना ठाऊक असले पाहिजे. शब्द फिरवण्याविषयी त्यांनी जे लिहिले आहे त्याला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही.

उज्जयिनी यांनी तेरा दिवसांविषयी दिलेली सूचनाही मी स्वीकारतो आणि तिला पूरक अशी एक गोष्ट मांडतो. हैदर गेला म्हणून सारे संपले असे नानांना वाटले असते, तर २० डिसेंबरला मान्यता दिल्यावर प्रतींची अदलाबदल लगेच उरकली असती. ती आणखी दोन महिने लांबली. या दोन महिन्यांत टिपू मलबारहून येऊन बापाची फौज हाती घेत होता, आणि तो लढाई पुढे चालवतो की नाही याकडे पुण्याचे डोळे लागले होते. शिक्का उमटला होता, पण कागद अजून हातातून सुटला नव्हता.

टिपूने लढाई पुढे चालवली. आणि शेवटी ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरला त्याने कंपनीशी तह केला तो थेट, पुण्याला मध्ये न घेता. त्या तहात सालबाईचा उल्लेखही नव्हता, आणि मद्रासकरांनी तो तसा होऊ दिला याचा हेस्टिंग्जला जितका राग आला तितकाच नानांना आला. पेशव्यांचा स्नेही म्हणून जे संरक्षण हैदराने नाकारले, ते त्याच्या मुलाने मागितलेच नाही.

कृष्णाकाठ

वहीत तारखांच्या खाली आता ११ मार्च १७८४ ही एक तारीख वाढवली आहे आणि तिच्यासमोर मद्रास असे लिहिले आहे, पुणे असे नाही. राघोबादादांच्या वाट्याला काय आले, तेही शोधून लिहिले. इंग्रजांनी त्यांच्यासाठी सात वर्षे युद्ध केले आणि तहात त्यांना २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर सोडले. ते कोपरगावला जाऊन राहिले आणि १७८३ च्या अखेरीस तेथेच वारले. हैदराचे कलम आणि दादांचे कलम एकाच तहात आहेत हे माझ्या आज लक्षात आले. महादजींच्या जामीनकीविषयी उज्जयिनी यांनी वेगळा धागा काढावा अशी विनंती करते. तेथे विचारण्यासारखे बरेच आहे.